‘वहिनी, प्रेस मी बघतो’

प्रश्न : मी लातूरची. आमचे मालक जाऊन सात महिने झाले. गंजगोलाईच्या मागच्या अंगाला आमचा छापखाना आहे. जागा आणि मशीन मालकांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली, सगळं त्यांच्याच नावावर. एक सिंगल कलर ऑफसेट, कटिंग मशीन, नंबरिंग, दोन कॉम्प्युटर. ऑफसेटवर बँकेचं थोडं कर्ज बाकी आहे. मुलगी पंधरा वर्षांची, मुलगा सातवीत. सासूबाई आमच्याजवळच असतात. धाकटे भाऊजी आजवर दुसऱ्याच्या प्रेसवर मशीनमन होते. मालक गेल्यापासून तेच आमचं दुकान उघडतात. ते म्हणतात, ‘वहिनी, प्रेस मी बघतो, तुम्हाला महिन्याला काही कमी पडू देणार नाही.’ नाव तेच ठेवायचं म्हणतात, आणि मागच्या मोकळ्या जागेत शेड टाकून जुनी फोर कलर मशीन आणायची म्हणतात. मी कागदाचा विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, ‘घरातल्या घरात कसले कागद करता?’ एकाने सांगितलं, पाचशेच्या बाँडवर नोटरी करून टाका, झालं. कागद मागितला तर भाऊजींवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल का? आणि रक्कम किती मागू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात भाऊजींबद्दल चांगलं वाटलं, दुसऱ्या वाचनातही ते मत बदललं नाही. छापखाना दोन महिने बंद राहिला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि परत येत नाही. मशीन उभी राहिली की रोलरवर शाई वाळते. भावाच्या दुःखातही त्यांनी सात महिने शटर उघडं ठेवलं, याची किंमत मोठी आहे. कागद करायचा तो त्यांचाही हा कष्टाचा हिशेब कुठेतरी लिहिलेला असावा म्हणून.

अडचण त्यांच्या मनात नाही, त्यांच्या वाक्यात आहे. ‘प्रेस मी बघतो’ म्हणताना चार निरनिराळ्या गोष्टी एकदम हातातून जातात : जागा, मशीन, नाव आणि गिऱ्हाईक. या चारही गोष्टींचा कायदा वेगळा, झीज वेगळी आणि परत घ्यायची रीतही वेगळी. परक्याला देताना माणूस आपोआप चारी गोष्टी मोजून देतो. घरात मात्र एका वाक्यात देऊन टाकतो, आणि पुढे पाच वर्षांनी त्या वाक्याचा अर्थ प्रत्येकाला वेगळा आठवतो. तेव्हा चारही गोष्टी वेगवेगळ्या लिहा. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतील.

माझ्या घरचं सांगतो. परभणीत वडिलांची ट्रेडल छपाई मशीन होती, पायाने मारायची. वडील आजारी पडले तेव्हा त्यांनी ती नात्यातल्या एकाला तोंडी चालवायला दिली. माणूस वाईट नव्हता, महिन्याचे पैसे घरी आणून द्यायचा. दीड वर्षाने वडील प्रेसवर गेले तर टाइपाच्या केसा, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे कप्पे, अर्ध्या रिकाम्या. त्याने खिळे, म्हणजे ती अक्षरं, शिशाच्या भावाने भंगारात घातले होते, कारण तोवर सगळी जुळणी कॉम्प्युटरवर गेली होती आणि खिळे त्याच्या लेखी अडगळ होते. वडिलांच्या लेखी तो त्यांचा बारा वर्षांचा संसार होता. ‘मशीन चालवायला दिली’ यात खिळे आले की नाही, हे दोघांपैकी कोणीच बोललं नव्हतं. भांडण झालं नाही, पण येणंजाणं मात्र कायमचं थांबलं.

आता तुमच्याकडे येऊ. आधी मालकी कोणाची ते बघा, कारण प्रेस एकट्या तुमची नाही. मालकांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, आणि मालमत्ता त्यांची स्वकष्टार्जित असेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे चौघंही पहिल्या वर्गाचे वारस. चौघांचा हिस्सा सारखा, प्रत्येकी चौथाई. भाऊजी या यादीत नाहीत. सासूबाई आहेत. घरात बहुधा हे कोणाच्याच लक्षात आलेलं नसेल. म्हणजे भाऊजींना प्रेस चालवायला देणार त्या तुम्ही, तुमच्या सहीने दोन्ही लेकरं, आणि सासूबाई त्यांच्या स्वतःच्या सहीने. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदीवर चौघांची वारस नोंद लावून घ्या, करार त्यानंतर.

लेकरं अज्ञान (अठराच्या आतली) आहेत, म्हणून मुदतीकडे लक्ष द्या. अज्ञानाची स्थावर मालमत्ता पालकाने पाच वर्षांपेक्षा जास्त, किंवा मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या पुढे जाईल इतक्या मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर आधी कोर्टाची परवानगी लागते. तुम्ही भाडेपट्टा करणारच नाही आहात, तरी ही मर्यादा पाळलेली बरी. मुलगी पंधराची आहे, तेव्हा करार तीनच वर्षांचा करा. तीन वर्षांनी ती अठराची होईल आणि पुढच्या कागदावर स्वतः सही करेल.

जागेसाठी कागद कोणता? लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागा ठरावीक मुदतीत नुसती वापरायची परवानगी, आणि तो कागद नोंदणीकृतच. पाचशेच्या बाँडवरची नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. आपल्या बाजारपेठांत हा गैरसमज फार खोल रुजलाय. नोटरी सही कोणाची एवढं बघतो, व्यवहाराची नोंद सरकारदरबारी लागते ती दुय्यम निबंधकाकडे. मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा चालायचा, ३१ मार्च २००० पासून सगळ्या राज्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा एकच लागू झाला. त्याचं कलम ५५ एकदा नीट समजून घ्या. जागा भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सने द्यायची तर करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी जागामालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल तर जागा कोणत्या अटीवर दिली याबद्दल ती वापरणारा जे सांगेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे उद्या कोणी म्हणालं, ‘वहिनींनी मला कायमचंच दिलं होतं’, तर तसं दिलं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर. भाऊजी असं म्हणणार नाहीत. पण त्यांच्या माघारी त्यांची मुलं काय म्हणतील, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

खर्चाला घाबरू नका. समजा जागेचं महिन्याला ९,००० आणि अनामत १ लाख ठरली. तीन वर्षांचे ३,२४,००० होतात. परत द्यायच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरतात, त्याचे ३०,०००. एकूण ३,५४,०००, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे ८८५ रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. लग्नपत्रिकेच्या एका बऱ्या ऑर्डरीइतकाही हा खर्च नाही.

शेडबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. भाऊजींनी स्वतःच्या पैशाने पक्की शेड टाकली, फोर कलरसाठी काँक्रीटचा पाया घातला, आणि त्याबद्दल लिहिलेलं काहीच नाही, असं होऊ देऊ नका. सुविधाधिकाराच्या १८८२ च्या कायद्यात ६० वं कलम आहे. दिलेल्या परवानगीच्या भरवशावर एखाद्याने खर्च करून कायम स्वरूपाचं बांधकाम केलं, तर ती परवानगी जागामालकाला सहज काढून घेता येत नाही. म्हणजे शेड उभी राहिली त्या दिवशी तुमचं लायसन्स नुसतं लायसन्स राहत नाही. यातून दोन वाटा आहेत. एक, शेड तुम्ही चौघांनी टाकायची, खर्च तुमचा आणि भाडं त्या हिशेबाने वाढवायचं. दोन, भाऊजींनी नटबोल्टाची, उचलून नेता येणारी शेड टाकायची आणि करारात लिहायचं की ती काढून न्यायची आहे, तिच्यापोटी जागेवर कसलाही हक्क नाही. मला पहिली वाट पटते, पण ती हातात पैसा असेल तरच. आणि फोर कलर भाऊजींच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कर्जाने येऊ द्या. तुमची जागा किंवा मशीन त्या कर्जाला तारण ठेवू नका, जामीन म्हणून सहीही करू नका.

मशीनचा कागद वेगळा करा, जागेच्या करारात कोंबू नका. मात्र दोन्ही कागद एकाच दिवशी संपतील असं लिहा, नाहीतर जागा परत मिळेल आणि मशीन त्यांच्याकडे राहील, किंवा उलटं. त्या कागदाला यादी जोडा : मशीनचा मेक, नंबर, रोलर कधी बदलले, ब्लँकेटची (छपाईच्या रबरी पट्ट्याची) अवस्था, कटिंगची पाती किती, नंबरिंगची मुंडकी किती. भाऊजी स्वतः मशीनमन आहेत, यादी त्यांनाच करू द्या. त्यांच्या हाताने लिहिलेली यादी कोणत्याही वकिलाच्या यादीपेक्षा खरी असेल. रोलर, ब्लँकेट, प्लेट, शाई हा चालवणाऱ्याचा खर्च. मोटर किंवा गिअर गेला तर कोणाचा, हे आजच ठरवा. माझं मत, अमुक रकमेपर्यंत त्यांचा, त्यावर अर्धा-अर्धा.

आता रक्कम. ‘काही कमी पडू देणार नाही’ ही रक्कम नव्हे. त्याने तुमचा महिना भाऊजींच्या मनावर आणि त्यांच्या महिन्यावर अवलंबून राहतो. एखाद्या महिन्यात त्यांच्या घरी दुखणं निघालं तर तुम्ही मागायचं कसं, हाच प्रश्न पडेल.

हिशेब असा मांडा. जागेचं भाडं शेजारच्या दोन-तीन गाळेवाल्यांना विचारा, तोच भाव. मशीनसाठी जुन्या मशीनचा व्यवहार करणाऱ्या दोघांकडून आजची किंमत लेखी घ्या. समजा ६ लाख निघाली आणि मशीन अजून सहा वर्षं नीट चालेल असं ठरलं, तर झीज वर्षाला १ लाख. तेच ६ लाख बँकेत आठ टक्क्यांनी ठेवले असते तर ४८,०००. दोन्ही मिळून वर्षाचे १,४८,०००, महिन्याचे साधारण १२,३००. हे आकडे मी समजावण्यापुरते धरलेत, तुमचे तुम्ही घाला. एवढं आधी ठरलेलं, तारखेला खात्यात जमा व्हायचं. बँकेचा हप्ता यातून सुटतो की नाही, तेही ताडून बघा.

त्यावर एक बदलता भाग ठेवा, आणि तो नफ्यावर ठेवू नका. नफा हा शब्द घरात भांडणं लावतो. पेट्रोल किती, चहापाणी किती, मशीनमनचा बोनस कशात धरायचा, याचा वाद कधी मिटत नाही. ऑफसेटच्या अंगाला तो छोटा काउंटर असतो बघा, प्रत्येक शीट गेली की आकडा सरकतो. तोच तुमचा मुनीम. दर महिन्याच्या एक तारखेला तुम्ही आणि भाऊजी दोघांनी मिळून त्याचा फोटो काढायचा, मागच्या आकड्यातून वजा करायचा आणि दर हजार इंप्रेशनला (छापांना) ठरलेले रुपये. लग्नसराईत आकडा पळेल, आषाढात मंदावेल, क्लासेसच्या टेस्ट सिरीज सुरू झाल्या की परत पळेल. काउंटर बंद पडला तर आठ दिवसांत दुरुस्त करायचा, तोवर मागच्या तीन महिन्यांची सरासरी, हेही लिहा. महावितरणच्या मीटरचा आकडा त्याच फोटोसोबत घ्या. मशीन किती चालली याची ती दुसरी साक्ष.

बाजारभाव धरा म्हणतो त्याचं आणखी एक कारण आहे. आयकरात नात्यातल्या माणसाला वाजवीपेक्षा जास्त दिलेलं भाडं खर्च म्हणून अमान्य होऊ शकतं. वहिनी त्या नात्यात बसत नाही, पण आई बसते, आणि भाडं घेणाऱ्या चौघांत सासूबाई आहेत. जीएसटीत कुटुंब म्हणजे पती-पत्नी आणि मुलं, आणि आईवडील, आजीआजोबा, भावंडं ही त्या माणसावर अवलंबून असतील तरच. तिथे दीर-वहिनी येत नाहीत. पण तुम्ही भागीदारी केलीत किंवा भाऊजींनी तुम्हाला पगारावर ठेवलं, तर ‘संबंधित व्यक्ती’ म्हणून येता. तेव्हा गाळ्यांचे भाव आणि मशीनच्या किमतीचे ते दोन कागद फाईलला लावून ठेवा, कोणी विचारलं तर भाव कुठून आला हे दाखवता येईल. भाऊजींना सुरुवातीला हात द्यावासा वाटत असेल तर भाव पाडू नका. पहिले सहा महिने अमुक सवलत, असं लिहून द्या. म्हणजे सवलत ही सवलतच राहते, तिचा भाव होत नाही.

भागीदारीचा विषय निघाला म्हणून सांगतो, कोणी सुचवलं तरी ती आत्ता करू नका. भागीदारीत पेढीच्या सगळ्या देण्यांना प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार असतो. फोर कलरचं कर्ज थकलं तर तुमचं घर त्यात ओढलं जाईल.

नाव. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात नाजूक भाग आहे, आणि तुम्ही त्याला अर्धंच वाक्य दिलंय. वीस-पंचवीस वर्षं लातूरच्या लग्नपत्रिकांच्या तळाशी बारीक अक्षरात जे नाव छापलं गेलं, अडत दुकानांच्या बिलबुकांवर जे नाव आहे, ते मालकांनी कमावलेलं धन आहे. नाव वापरू द्या. पण करारात लिहा की नाव तुम्हा चौघांचं, भाऊजींना तीन वर्षं वापरायची परवानगी, या दुकानापुरती. दुसरी शाखा त्या नावाने काढायची तर वेगळी संमती. करार संपला की नाव थांबलं. जमलं तर नावाचा ट्रेडमार्क अर्ज आधीच करा. छपाईच्या सेवा ४० व्या वर्गात येतात, एका व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे.

आणि तळाच्या ओळीत नुसतं जुनं नाव नको, त्यापुढे ‘चालक’ म्हणून भाऊजींचं नाव यायला हवं. याचं कारण निवडणुका. लोकसभा-विधानसभेच्या प्रचाराचं कोणतंही पत्रक छापलं तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते लागतात. छापायच्या आधी प्रकाशकाकडून त्याच्या सहीचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत घ्यावं लागतं, आणि छापल्यावर त्याची एक प्रत पत्रकासोबत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७-अ कलम ते हेच. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रचाराच्या धामधुमीत रात्री अकरा वाजता कार्यकर्ता येतो, ‘सकाळपर्यंत पाच हजार द्या, सही उद्या करतो’ म्हणतो. त्या पाच हजार पत्रकांवर मालकांचं एकट्याचं नाव असेल तर सकाळी नोटीस तुमच्या दारात येईल. एखादं साप्ताहिक तुमच्याकडे छापलं जात असेल तर त्याचीही तपासणी करा. १ मार्च २०२४ पासून छापखाने-नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७ चा जुना कायदा जाऊन नवा आलाय, आणि नियतकालिकाच्या मुद्रकाची माहिती आता ऑनलाइन कळवायची असते. तिथे अजून मालकांचंच नाव असेल.

गिऱ्हाईक म्हणजे आजकाल फोन नंबर. दुकानाचा जो मोबाइल आहे, ज्या व्हॉट्सअॅपवर ‘मागच्यासारखीच पत्रिका करा’ असे निरोप येतात, ते सिम तुमच्या नावावर करून घ्या आणि भाऊजींना वापरायला द्या. उलटं नको. हार्ड डिस्कवर जुन्या डिझाइनच्या फायली असतील, क्लासेसच्या प्रश्नपत्रिका असतील. त्यांची एक नक्कल तुमच्याकडे ठेवा, आणि प्रश्नपत्रिकांची गुप्तता ही भाऊजींची जबाबदारी, हे लिहा. लातुरात एक पेपर फुटला तर सगळं नाव जाईल.

हे वाचून झालं की एक काम लगेच करा. दुकानात जा आणि काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे ते बघा. तो मालकांच्या खात्याचा असेल तर आजच काढा. गेलेल्या माणसाच्या खात्यात धंद्याचे पैसे येत राहिले की पुढे ते कोणाचे, याचा गुंता सुटत नाही. तसंच जीएसटीचं. मालकांचा नंबर त्यांच्या पॅनवर होता, तो त्यांच्यासोबत संपला. वारस म्हणून तो रद्द करायचा अर्ज तुम्हाला करायचा आहे. या सात महिन्यांत त्या नंबरावर बिलं फाटली असतील तर सीएला काही न लपवता सांगा. भाऊजींनी स्वतःच्या पॅनवर नवं खातं, नवी ‘उद्यम’ नोंदणी, शॉप अॅक्टची नवी सूचना आणि लागत असेल तर नवा जीएसटी नंबर घ्यायचा. तुमचं भाडं वर्षाला २० लाखांच्या आत आहे म्हणून तुम्हाला नंबर घ्यावा लागणार नाही. पण भाऊजींनी कंपोझिशन (छोट्या धंद्यासाठीची ठोक कराची सोय) न घेता नेहमीचा नंबर घेतला तर दुकानाच्या जागेच्या भाड्यावरचा १८ टक्के कर त्यांना स्वतः भरावा लागेल, ऑक्टोबर २०२४ पासून तसा नियम आहे. त्याचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, त्यांना मिळतं. तरी भाडं ठरवताना त्यांना हे आधी सांगा, नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटेल.

बँकेतही जा. ऑफसेट कर्जाला तारण आहे, ती दुसऱ्याला चालवायला देताना बँकेची लेखी संमती हवी. आणि तिथेच विचारा, कर्ज घेताना मालकांचा कर्जविमा उतरवला होता का. पुष्कळदा हप्त्यात त्याचा प्रीमियम गेलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. दुकानाच्या आगीच्या विम्यावरही मालकांचंच नाव असेल, तेही बदला आणि मशीन आता कोण चालवतो ते विमा कंपनीला कळवा.

जुनी उधारी भाऊजींच्या नव्या वहीत मिसळू देऊ नका. मालकांच्या काळातलं जे येणं आहे ते तुम्हा चौघांचं. आपल्याकडे उधारी सोयाबीन आलं की, नाहीतर क्लासची ॲडमिशन झाली की, अशी पुढे जाते, आणि तीन वर्षं उलटली की दावा मुदतबाह्य होतो. प्रत्येकाकडे जाऊन ‘अमुक रुपये बाकी मान्य’ अशी तारखेसह सही घ्या. मुदत संपायच्या आत घेतलेल्या सहीपासून तीन वर्षं नव्याने मोजतात. भाऊजींना सोबत न्या, ते सगळ्यांना ओळखतात. वसुलीतून त्यांना काही टक्के द्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, मी आपणहून सांगतो. पत्रात तुमची मराठी निर्मळ आहे, एकही अक्षर चुकलेलं नाही. छापखान्याच्या घरात इतकी वर्षं राहून तुम्ही प्रूफं तपासली असतील, रात्री पत्रिका घडी घातल्या असतील, बिलबुकांचे नंबर मोजले असतील. प्रूफ तपासण्याचं काम करारात स्वतःकडे ठेवा, पानाला दर लावून, पगार म्हणून नव्हे. ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ची अदलाबदल झाली की हजार पत्रिका रद्दीत जातात, हे भाऊजींना तुमच्याइतकंच माहीत आहे. त्या निमित्ताने तुम्ही रोज तासभर दुकानात असाल, आणि तीन वर्षांनी प्रेस स्वतः चालवायची की पुन्हा द्यायची, हे तुम्हाला आतून कळलेलं असेल.

राहिल्या सासूबाई. त्यांना कायद्याचं काही सांगू नका. त्यांना सांगा, ‘तुमच्या लेकाच्या प्रेसमध्ये तुमचाही चौथा हिस्सा आहे, आणि तुमच्या सहीशिवाय ती कोणाला देता येत नाही.’ मग त्यांना बँकेत घेऊन जा आणि त्यांच्या एकटीच्या नावाचं खातं उघडा. जागेच्या ९,००० आणि मशीनच्या १२,३०० मधले त्यांच्या चौथाईचे ५,३२५ रुपये दर महिन्याला थेट त्यात जाऊ द्या, तुमच्या हातून नको आणि भाऊजींच्या हातूनही नको. हे खातं कराराच्या आधी निघायला हवं, कारण त्याचा नंबर करारात लिहायचा आहे. निबंधकाकडे जाताना चौघांचे आधार आणि पॅन, दोन साक्षीदार आणि मालकांचा मृत्यूचा दाखला बरोबर घ्या. भाऊजींना आदल्या संध्याकाळी घरी जेवायला बोलवा आणि कच्चा मसुदा त्यांच्या हातात द्या. प्रूफासारखा तपासा म्हणावं, जिथे पटत नाही तिथे लाल पेनाने खूण करा.